वाचकांचे प्रश्न : चारशे किलोमीटर उंचीवरचा संसार

मागच्या अंकात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखावे याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून किनाऱ्यावरच्या गावोगावच्या वाचकांनी ते पाहिले, आणि त्यानंतर जी पत्रे आली त्यांचा सूर जवळपास एकच होता : आकाशातून सरकत जाणाऱ्या त्या ठिपक्यात माणसे आहेत हे ठाऊक आहे, पण ती तिथे राहतात कशी आणि दिवसभर करतात काय? त्यांतले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

आधी थोडी तोंडओळख. या स्थानकाचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी अवकाशात गेला आणि २ नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा यांच्या संस्था ते मिळून चालवतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची लांबी १०९ मीटर आहे, वस्तुमान सुमारे ४२० टन आहे, आणि एरवी त्यात सात जण राहतात.

प्रश्न : अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून माणसे तरंगतात, असे आम्हाला वर्गात सांगितले. पण मग स्थानक पृथ्वीभोवती फिरते ते कशामुळे? गुरुत्वाकर्षण नसेल तर ते सरळ निघून जायला हवे ना? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, मालवण)

उत्तर : तुझी शंका अगदी रास्त आहे, आणि आलेल्या सर्व पत्रांत मला सर्वांत आवडलेले पत्र तुझे आहे. स्थानक ज्या उंचीवर आहे तिथे, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटरवर, पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या तुलनेत सुमारे ८९ टक्के असते. ते नाहीसे झालेले नाही, सुमारे एक दशांशाने कमी झालेले आहे. सिंधुदुर्गाच्या तटावर उभी राहून तू समुद्राच्या दिशेने दगड भिरकावलास तर तो वाकत वाकत पाण्यात पडतो, आणि जितक्या जोराने फेकशील तितका लांब जाऊन पडतो. आता अशी कल्पना कर की हवेचा अडथळा नाही आणि दगड इतक्या वेगाने निघाला आहे की तो जितका खाली येतो तितकीच पृथ्वीची पाठही तिच्या गोलाईमुळे त्याच्याखाली वळत जाते. असा दगड पाण्याला कधी टेकणारच नाही. तो पडत राहील आणि पडता पडता पृथ्वीला फेरी घालील. स्थानक नेमके हेच करते. दर सेकंदाला ते साडेसात किलोमीटरहून थोडे अधिक पुढे जाते आणि तेवढ्या वेळात पृथ्वीकडे फक्त सव्वाचार मीटरच्या आसपास पडते, म्हणजे एखाद्या उंच माडाच्या निम्मेसुद्धा नाही. आतली माणसे, चमचे, पाण्याचे थेंब, सारे त्याच गतीने पडत असल्यामुळे कोणी कशावर टेकत नाही आणि कशाचेही वजन जाणवत नाही. दोर तुटून पोहरा विहिरीत पडत असताना त्यातले पाणी पोहऱ्याच्या तळावर भार टाकत नाही, तशीच ही स्थिती आहे. फरक एवढाच, की या विहिरीला तळ नाही.

‘गुरुत्वाकर्षण नसते’ याऐवजी ‘वजन जाणवत नाही’ असे म्हटले की तुझ्या शंकेला जागा उरत नाही. हे उत्तर मी मुद्दाम पहिले घेतले, कारण पुढच्या साऱ्या प्रश्नांचे मूळ यातच आहे. ऊन हवा वर जाते, पाणी खाली वाहते, धूळ बसते, आपला भार आपल्याच हाडांवर येतो, ही कामे जमिनीवर आपल्याला न विचारता होत असतात. तिथे ती होत नाहीत, आणि म्हणून त्यांतले प्रत्येक काम यंत्राने किंवा हाताने करावे लागते.

प्रश्न : आमची बोट मासेमारीसाठी दहा-बारा दिवस बाहेर राहते. बर्फ, डिझेल, शिधा आणि गोडे पाणी मोजून न्यावे लागते. पाणी सरले की मासळी लागत असली तरी बंदर गाठावे लागते. त्या सात जणांना सहा-सहा महिने पाणी आणि हवा कोठून मिळते? आणि त्यांना बोट लागते का? (एक नाखवा, हर्णै)

उत्तर : आपण हिशेबी दृष्टीने विचारले आहे, म्हणून हिशेबानेच सांगतो. पिणे, अन्न भिजवणे आणि अंग पुसणे यांसाठी स्थानकात माणशी रोज सुमारे चार लिटर पाणी लागते. सात माणसे आणि सहा महिने धरले तर ते पाच हजार लिटरच्या घरात जाते, म्हणजे नुसते पाणीच पाच टन. अवकाशात एक किलो माल पोचवणे अत्यंत खर्चिक असल्यामुळे एवढे पाणी पृथ्वीवरून सतत वाहून नेणे परवडण्यासारखे नाही. म्हणून स्थानकातले पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते, आणि ते कसे, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

माणसाच्या श्वासातून आणि घामातून बाहेर पडलेली वाफ स्थानकाच्या हवेत मिसळते. आपल्याकडे आषाढात भिंतींना जसा ओल सुटतो तसा तो तिथेही सुटला असता. पण वातानुकूलनाच्या यंत्रातले थंड पृष्ठभाग ती वाफ पकडतात आणि तिचे पाणी करून साठवतात. दुसरा स्रोत म्हणजे मूत्र. ते आधी रसायने मिसळून टिकाऊ केले जाते आणि मग कमी दाबाखाली उकळून त्याची वाफ वेगळी काढली जाते. जमिनीवर उकळत्या भांड्यात पाणी तळाशी राहते आणि वाफ वर जाते. तिथे वर आणि खाली हा भेदच नसल्यामुळे ते भांडे गरागरा फिरवावे लागते, म्हणजे द्रव कडेला दाबला जातो आणि वाफ मधून काढून घेता येते. मागे उरलेल्या दाट खाऱ्या द्रवातूनही आता आणखी पाणी काढले जाते. हे सगळे पाणी गाळण्यांतून आणि तापवलेल्या शुद्धीकरण यंत्रातून जाते, त्याची तपासणी होते आणि जंतू वाढू नयेत म्हणून अमेरिकी विभागात त्यात किंचित आयोडीन मिसळले जाते. २०२३ मध्ये या व्यवस्थेने ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला. किळस वाटण्याचे काही कारण नाही. आपल्या विहिरीत झिरपणारे पाणीही कित्येक प्राण्यांच्या शरीरांतून जाऊनच आलेले असते. त्याला तिथवर यायला बराच काळ आणि भरपूर माती मिळालेली असते, एवढेच.

या यंत्रणेला एकदा आलेली अडचण मला फार बोलकी वाटते. वजन पेलावे लागत नाही म्हणून अंतराळवीरांची हाडे झिजतात, त्यांतले कॅल्शियम रक्तात उतरते आणि मूत्रावाटे बाहेर पडते. अंदाजापेक्षा अधिक कॅल्शियम आल्यामुळे २००९ मध्ये मूत्र शुद्ध करणाऱ्या यंत्रात त्याचे क्षार साचले आणि यंत्र बंद पडले. मचूळ पाण्याने घरातल्या नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो, तसाच हा प्रकार. मात्र तिथे तो थर माणसांच्या हाडांतून आलेला होता.

हवेचे गणितही पाण्याशीच बांधलेले आहे. पाण्यातून वीज सोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले जातात. ऑक्सिजन श्वासासाठी हवेत सोडला जातो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड खास खनिजाच्या थरात शोषून घेतला जातो. शिवाय टाक्यांतून ऑक्सिजनचा राखीव साठा असतो. आत हवेचा दाब समुद्रसपाटीवर असतो तेवढाच, म्हणजे हर्णैच्या बंदरावर आपण घेता तसाच श्वास तिथे घेता येतो. पण ती हवा आपणहून हलत नाही. ऊन हवा वर जाण्याचा प्रश्नच नसल्यामुळे पंखे थांबले तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून राहील. म्हणून पंखे रात्रंदिवस चालू असतात, झोपण्याच्या प्रत्येक कोनाड्यात वारा खेळता ठेवलेला असतो आणि त्या घरघरीची सवय करून घ्यावी लागते. या वाऱ्याचा एक घरगुती उपयोग असा, की हातून सुटून हरवलेली पेन्सिल किंवा स्क्रू हवेच्या ओढीने अखेर झरोक्यांच्या जाळीवर येऊन चिकटतो. वस्तू हरवली की अंतराळवीर आधी तिथेच जाऊन पाहतात.

आता बोट लागण्याविषयी. होय, लागते, आणि निम्म्याहून अधिक जणांना लागते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे सूक्ष्म खडे असतात. वजन नाहीसे होताच त्यांचा निरोप आणि डोळ्यांचा निरोप जुळेनासा होतो. मळमळ, उलटी, डोके जड होणे हे प्रकार साधारण पहिले दोन-तीन दिवस चालतात आणि मग मेंदू नव्या रीतीला रुळतो. पहिल्यांदा बोटीवर आलेल्या खलाशी पोराचे जे होते तेच लढाऊ विमाने चालवणाऱ्या वैमानिकांचेही होते, आणि त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : स्वयंपाक कोण करते? भाकरी-भात मिळतो का? आंघोळ, कपडे धुणे, संडास यांची सोय कशी असते? कोणी हे नीट सांगत नाही म्हणून विचारते. (एक गृहिणी, वेंगुर्ले)

उत्तर : आपण विचारलेत ते बरे झाले, कारण संसार म्हणजे याच गोष्टी.

ज्याला स्वयंपाक म्हणता येईल असे तिथे काही नाही. रांधण्यासाठी विस्तव तर पेटवतच नाहीत. अन्न पृथ्वीवरून बंद पाकिटांत जाते. काही पदार्थ आधी गोठवून, मग निर्वात पोकळीत ठेवून त्यांतले पाणी काढून घेतलेले असतात. त्यांत नळीने गरम पाणी सोडून थोडा वेळ थांबायचे असते. सोडे वाळवून पावसाळ्याची बेगमी करण्यामागे जे तत्त्व आहे तेच हे, फक्त इथे उन्हाऐवजी थंडी आणि निर्वात यांचा उपयोग केलेला असतो. काही पदार्थ शिजवून निर्जंतुक केलेले असतात, ते पेटीसारख्या साधनात गरम करून खातात. पाव सहसा नेत नाहीत, कारण त्याचा चुरा हवेत तरंगून डोळ्यांत आणि यंत्रांत जातो. त्याऐवजी आपल्या पोळीशी नाते सांगणारा मेक्सिकन टॉर्टिया असतो. मीठ पाण्यात आणि मिरपूड तेलात मिसळून थेंबाथेंबाने घालावी लागते. शरीरातले द्रव डोक्याकडे सरकल्यामुळे सर्दी झाल्यासारखे नाक चोंदते, चव मंद होते आणि पुष्कळांना तिखट खावेसे वाटते. मालवाहू यानातून अधूनमधून ताजी फळे येतात आणि त्या दिवशी तिथे सण असतो. २०२५ च्या जून-जुलैत स्थानकात राहून आलेले शुभांशू शुक्ला यांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस सोबत नेला होता आणि तो इतर देशांच्या सहकाऱ्यांना वाढला. आंब्याच्या मुलखातल्या आपणा सर्वांना याचे वेगळे सुख वाटल्याशिवाय राहणार नाही.

आंघोळ नसते. ओल्या टॉवेलने अंग पुसतात, केसांना धुवावा न लागणारा शाम्पू लावतात. पाणी तिथे ओघळत नाही, अंगाला चिकटून बसते. २०१३ मध्ये कॅनडाचे ख्रिस हॅडफील्ड यांनी कॅमेऱ्यासमोर ओला कपडा पिळून दाखवला होता. पिळलेले पाणी खाली पडले नाही. कपड्याभोवती काचेच्या नळीसारखे गोल लपेटून राहिले आणि हळूहळू त्यांच्या मनगटांवर चढले. रोज अंगणात दोरीवर कपडे पिळून टाकणाऱ्या प्रत्येकाने ते दृश्य एकदा पाहावे. आपल्या पायाशी पडणाऱ्या धारेकडे आपण नव्याने पाहू लागतो. कपडे तिथे धुतच नाहीत. ते बरेच दिवस वापरतात आणि मग टाकून देतात.

संडासात पाण्याऐवजी हवेचा झोत असतो. मूत्रासाठी नरसाळे जोडलेली नळी असते आणि ते, वर सांगितल्याप्रमाणे, शुद्धीकरणाकडे जाते. शौचासाठी छोटे आसन असते. आतल्या बाजूला हवा खेचली जाते म्हणून मळ पिशवीत ओढला जातो. बसताना पाय अडकवायला आधार असतात, नाहीतर माणूस आसनावरून उचलला जाईल. भरलेल्या पिशव्या डब्यांत बंद होतात आणि जुने कपडे, पाकिटे, इतर कचरा यांच्यासह रिकाम्या झालेल्या मालवाहू यानात भरल्या जातात. ते यान पृथ्वीच्या वातावरणात शिरून जळून जाते.

प्रश्न : माझे काम अस्थिव्यंग विभागात आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे स्नायू आणि हाडे किती लवकर खालावतात हे मी रोज पाहते. अंतराळवीरांचे तसेच होते का? (एक परिचारिका, रत्नागिरी)

उत्तर : आपली तुलना अचूक आहे, पृथ्वीवर या विषयाचा अभ्यास करताना निरोगी माणसांना कित्येक आठवडे अंथरुणावर झोपवूनच ठेवतात. पुरेसा व्यायाम नसेल तर कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता दर महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. पाठीचे मणके सैलावून उंची काही सेंटिमीटर वाढते, पाठ दुखते, चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. काहींच्या दृष्टीवरही परिणाम होतो आणि त्यावर अजून संशोधन चालू आहे. तळपायांवर भार नसल्यामुळे तिथली जाड कातडी सुटून पडते आणि उलट पावलांच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण स्थिर राहण्यासाठी पावले सतत दांड्यांखाली अडकवावी लागतात.

उपाय एकच : रोज सुमारे दोन तास व्यायाम, आणि तो ऐच्छिक नाही, कामाचा भाग आहे. वजने उचलून उपयोग नाही, कारण त्यांना वजनच नाही. म्हणून निर्वात नळकांड्यांच्या विरोधात जोर लावायला लावणारे यंत्र आहे. धावण्याच्या पट्ट्यावर खांदे आणि कंबर पट्ट्यांनी खाली ओढून बांधतात, तेव्हा कुठे पाय टेकतात. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी अशाच पट्ट्यावर, खाली बॉस्टनची मॅरेथॉन चालू असताना, पूर्ण मॅरेथॉन धावून दाखवली. त्यांना सुमारे ४ तास २४ मिनिटे लागली.

परतल्यावर पुन्हा शिकावे लागते, आणि मेंदूला शिकवणे स्नायूंना शिकवण्याइतकेच कठीण असते. शुभांशू शुक्ला यांनी परतल्यानंतर सांगितलेली एक गोष्ट आहे : अंथरुणात बसून काम आटोपल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि तो तरंगत राहील अशा समजुतीने बाजूला सोडून दिला. तो अर्थातच खाली पडला. जेमतेम तीन आठवड्यांत मनाची इतकी सवय बदलते. हे ऐकल्यापासून, दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाच्या हातून भांडे निसटले तर त्याला बोलू नये, असे मला फार वाटू लागले आहे.

प्रश्न : दूरदर्शनवर त्यांना तरंगताना, हसताना दाखवतात. प्रत्यक्ष कामाचा दिवस कसा जातो? एवढ्या खर्चाचे काम तरी काय? (निवृत्त बंदर कर्मचारी, देवगड)

उत्तर : स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. अशा ठिकाणी सूर्यावर घड्याळ लावता येत नाही, म्हणून तिथे ग्रीनिचची वेळ पाळतात. आपल्याहून ती साडेपाच तासांनी मागे असते. सकाळी सहाला उठणे, जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रांशी बोलणे, मग मिनिटामिनिटाने आखलेले वेळापत्रक. संगणकाच्या पडद्यावर कामांचे तक्ते असतात आणि त्यांवरून एक रेघ घड्याळाच्या गतीने पुढे सरकत असते; आपण तिच्या मागे पडलो आहोत की नाही हे दिवसभर दिसत राहते. संध्याकाळी पुन्हा आढावा आणि साडेनऊच्या सुमारास झोप. झोपण्याची जागा टेलिफोन बूथएवढी. झोळीसारखी पिशवी भिंतीला बांधलेली असते, त्यात शिरायचे. शनिवारी सर्वांनी मिळून घर झाडायचे, म्हणजे जाळ्या आणि कोपरे व्हॅक्यूमने साफ करायचे.

कामाचे मोठे विभाग दोन. पहिला प्रयोगांचा. वजन नसताना ज्योत गोल होते, स्फटिक वेगळ्या रीतीने वाढतात, पेशी वेगळ्या वागतात. जमिनीवर जे गुरुत्वाखाली झाकलेले असते ते तिथे उघडे पडते. शुक्ला यांनी तिथे मूग आणि मेथीचे दाणे अंकुरित केले आणि सूक्ष्म शैवालांवरचे प्रयोग हाताळले. अशा प्रयोगांत पुष्कळदा अंतराळवीर स्वतःच प्रयोगाचा विषय असतो. त्याचेच रक्त आणि त्याचीच झोप मोजली जाते.

दुसरा विभाग डागडुजीचा, आणि माझ्या मते माणसाची खरी किंमत तिथे कळते. ३० ऑगस्ट २०१२ रोजी सुनीता विल्यम्स आणि जपानचे अकिहिको होशिदे स्थानकाबाहेर पडले ते वीजपुरवठ्याची एक मोठी पेटी बदलण्यासाठी. जुनी पेटी निघाली, पण नवी बसवताना बोल्ट फिरेना. आठ तासांहून अधिक वेळ झटूनही तो बसला नाही. पेटी तात्पुरती बांधून त्यांना आत यावे लागले. बोल्टाच्या भोकात धातूचा कीस अडकलेला होता. मग पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी आणि स्थानकातल्या मंडळींनी मिळून हाताशी असलेल्या वस्तूंतून अवजारे बनवली : दात घासायचा ब्रश एका दांड्याला बांधला, तारेच्या तुकड्यांची कुंची केली. ५ सप्टेंबरला ते दोघे पुन्हा बाहेर गेले, भोक घासले, कीस काढला, वंगण लावले आणि बोल्ट बसला. जेटीवर इंजिन उघडून बसलेला आपला कोणताही मिस्त्री ही हकिगत ऐकून मान डोलावील.

बाहेर पडणे मात्र जेटीवर उतरण्यासारखे नाही. पोशाखातला दाब आतल्या हवेच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो, त्यामुळे आधी काही तास शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन काढून टाकावा लागतो. नाहीतर खोलातून एकदम वर आलेल्या पाणबुड्याला होतो तोच त्रास होतो. हे मालवणच्या पाणबुड्यांना वेगळे सांगायला नको. उन्हात आणि सावलीत तापमान शून्याच्या वर आणि खाली शंभर अंशांहून अधिक जाते. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे लुका पार्मितानो बाहेर काम करत असताना पोशाख थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेतले पाणी गळून त्यांच्या शिरस्त्राणात साचू लागले. ते पाणी खाली उतरले नाही, डोक्यामागून येऊन डोळ्यांवर, कानांवर आणि नाकावर चिकटले. दिसेनासे झाल्यावर आपल्याला स्थानकाशी जोडणाऱ्या दोरीच्या ओढीच्या आधाराने ते दारापर्यंत परत आले आणि वाचले. पाण्यापासून चारशे किलोमीटर उंचीवर माणूस बुडण्याच्या बेतात आला होता.

प्रश्न : सुनीता विल्यम्स तिथे अडकल्या होत्या, मग त्यांचे खाणेपिणे कमी पडले नाही का? (अनेक वाचक)

उत्तर : नाही. ५ जून २०२४ ला सुमारे आठ दिवसांसाठी निघालेला त्यांचा आणि बुच विल्मोर यांचा मुक्काम, त्यांच्या यानातल्या बिघाडांमुळे, १८ मार्च २०२५ पर्यंत लांबला. एकूण २८६ दिवस. पण स्थानकावर काही महिन्यांचा शिधा नेहमीच राखीव असतो, मालवाहू याने येत राहतात, आणि त्या दोघांना नेहमीच्या पथकात सामील करून घेतले होते. सुनीताबाई तर त्या काळात स्थानकाच्या प्रमुख झाल्या. ‘अडकल्या’ म्हणण्यापेक्षा मुक्काम लांबला असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

प्रश्न : स्थानक जुने झाले की कोसळणार असे वाचले. आमच्या समुद्रात पडेल का? (मासेमारी सोसायटीचे एक सभासद, श्रीवर्धन)

उत्तर : तशी चिंता नसावी. त्या उंचीवरही विरळ हवा असते आणि तिच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येते, म्हणून अधूनमधून इंजिने चालवून ते पुन्हा वर ढकलतात. २०३० नंतर, काम संपल्यावर, त्याला नियंत्रित रीतीने खाली आणून दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागात बुडवण्याचा बेत आहे. रशियाचे मीर स्थानक २३ मार्च २००१ रोजी असेच प्रशांत महासागरात उतरवले होते. भारताने स्वतःचे स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे ठरवले आहे.

प्रश्न : त्यांना आपले कोकण दिसते का? आणि आम्ही ते पुन्हा कधी पाहावे? (एक तरुण वाचक, अलिबाग)

उत्तर : दिसते, ढग नसतील तर. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे सरळ अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आत आहे आणि स्थानक तेवढे अंतर एक मिनिटाहून थोड्या अधिक वेळात कापते. म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली आपली हिरवी पट्टी त्यांच्या खिडकीतून क्षणभरच जाते. रात्री मुंबईचे दिवे ठळक दिसतात. पावसाळ्यात मात्र आपण त्यांना दिसत नाही आणि ते आपल्याला.

पाहण्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. सूर्यास्तानंतरच्या किंवा सूर्योदयापूर्वीच्या तास-दीड तासात, जेव्हा आपल्याकडे अंधार असतो पण त्या उंचीवर ऊन असते, तेव्हाच ते दिसते. ते पश्चिमेच्या बाजूने उगवते, म्हणजे आपल्याला समुद्रावरून येते, आणि नैऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे चार ते सहा मिनिटांत जाते. विमानासारखे ते लुकलुकत नाही आणि त्याला आवाज नसतो. चांगल्या फेरीत ते शुक्राइतके ठळक असते. आपल्या गावासाठीच्या वेळा नासाच्या संकेतस्थळावर मिळतात. गेल्या डिसेंबरात गुहागरच्या पुळणीवर आम्ही पंधरा-वीस जण उभे होतो. ते सुरूंच्या शेंड्यांपर्यंत येऊन पृथ्वीच्या सावलीत शिरले, आधी तांबूस झाले आणि विझले, तेव्हा एका लहान मुलाने ते बुडाले का असे विचारले. मी त्याला सांगितले की ते पुढेच चालले आहे, फक्त त्यांची रात्र आताच सुरू झाली आणि पाऊण तासापेक्षा कमी वेळात त्यांची सकाळ होईल. त्या वेळी आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते. त्यांच्या घड्याळात दुपारचा दीड, म्हणजे जेवणे नुकतीच उरकली असणार आणि सातांपैकी कोणीतरी बहुधा पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेऊन धावत असणार.